बॅटरी बदलायच्या आधी मीटर लावा: बाईकच्या चार्जिंगची सगळी भानगड

पावसाळा सुरू झाला की पुण्यातल्या कुठल्याही गॅरेजबाहेर एक ठरलेलं वाक्य ऐकू येतं, "बॅटरी गेलीय साहेब, नवीन टाकून घ्या". सकाळी ऑफिसची घाई असते, आपण हजार-दोन हजार काढून देतो, गाडी सुरू होते, सगळे खूश. आणि मग काही महिन्यांनी परत तेच, सेल्फ मारला की नुसतं टक टक टक. मग बॅटरी डुप्लिकेट निघाली, कंपनी बोगस आहे, हल्लीच्या गाड्यांत दमच नाही असं सगळं बोलून होतं, पण ती बॅटरी भरली का जात नव्हती हे कोणी बघितलेलंच नसतं. आता बॅटरी खरंच म्हातारी होऊनही मरते, नाही असं नाही, पण वर्ष-दीड वर्षात दुसरी बॅटरी लागत असेल तर भांडण बॅटरीशी नाहीये, चार्जिंगशी आहे. आणि ते तपासायला चारशे-पाचशे रुपयांचा मल्टीमीटर आणि रविवार सकाळचा अर्धा तास पुरतो.

आधी सिस्टिम बघू, फार अवघड नाही. इंजिनाच्या साइड कव्हरच्या आत क्रँकच्या टोकाला मॅग्नेट बसवलेला असतो आणि त्याच्या पोटात तांब्याची तार गुंडाळलेली चकती असते, पुस्तकात तिला स्टेटर म्हणतात, गॅरेजमध्ये कॉइल प्लेट नाहीतर नुसतं मॅग्नेट कॉइल. मॅग्नेट फिरला की कॉइलमध्ये एसी करंट, म्हणजे दिशा सारखी उलटसुलट होणारा, तयार होतो. बॅटरीला एसी चालत नाही, एकाच दिशेने जाणारा डीसी लागतो, म्हणून मध्ये आरआर युनिट असतं, म्हणजे रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच डबीत, बाहेरून अॅल्युमिनियमच्या पट्ट्या असलेली. रेक्टिफायर एसीचा डीसी करतो आणि रेग्युलेटर व्होल्टेज साधारण साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही. तिथून वायर बॅटरीला. बस, एवढंच.

यातला रेग्युलेटर जरा समजून घ्या कारण पुढचे बरेच प्रॉब्लेम तिथून येतात. आपल्याकडच्या बहुतेक बाईकना शंट टाइपचा रेग्युलेटर असतो. मेसच्या मावशी कशा, जेवायला चार जण येऊ देत नाहीतर चाळीस, रोजच्या कणकेच्या पोळ्या लाटणारच आणि उरलेल्या टाकून देणार, तसं यात स्टेटर आरपीएमच्या हिशोबाने करंट बनवतच राहतो आणि गाडीला जेवढा लागत नाही तेवढा आरआर युनिट आतल्या आत शॉर्ट करून जिरवतो. म्हणजे तुम्ही हेडलाइटला एलईडी टाकला, बॅटरीवरचा भार कमी झाला, तरी स्टेटरला काही आराम मिळत नाही, तो तेवढाच तापतो. लोकांना हे पटत नाही पण शंट टाइपमध्ये असंच आहे. मॉसफेट नावाचे ट्रान्झिस्टर वापरणारं आरआर युनिट असेल तर ते स्वतः कमी तापतं, स्टेटर मात्र तसाच राबतो. सिरीज टाइप असेल तरच तो जास्तीच्या वेळी सर्किट उघडतो आणि स्टेटर थंड राहतो, पण तो महाग पडतो आणि मोजक्याच गाड्यांना येतो.

आता मीटर. तपकीर गल्लीत नाहीतर पासोड्या विठोबाच्या आजूबाजूला कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात साधा डिजिटल मल्टीमीटर मिळतो, फार भारी घ्यायची गरज नाही, फक्त १० अँपिअरचं सॉकेट आणि डायोड टेस्ट (डायोड म्हणजे करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असलेला बघा. डीसी व्होल्टचं चिन्ह म्हणजे व्ही आणि शेजारी सरळ रेघ, एसीचं म्हणजे व्ही आणि नागमोडी रेघ. डीसीला २० ची रेंज लावा, लाल प्रोब, म्हणजे मीटरच्या वायरचं टोकदार टोक, बॅटरीच्या प्लसला, काळा मायनसला. बाकीचे आकडे नंतर शिकता येतील. एक सांगून ठेवतो, स्वस्तातले मीटर प्लगच्या वायरजवळ नेले की वेड्यासारखे आकडे दाखवतात, स्पार्कचा डिस्टर्बन्स पकडतात, त्यामुळे मीटर इंजिनापासून लांब, सीटवर वगैरे ठेवायचा.

पहिलं रीडिंग गाडी रात्रभर उभी असताना, सकाळी किल्ली न लावता. चांगली भरलेली लेड अॅसिड बॅटरी १२.६ ते १२.८ दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे पावच आणि ११.८ च्या खाली म्हणजे उतरलेलीच समजा. बघा, पूर्ण भरलेली आणि रिकामी यांच्यात जेमतेम एक व्होल्टचा फरक आहे, म्हणून "बारा दाखवतेय की, चांगली आहे" असं कोणी म्हणालं तर त्यात काही अर्थ नाही, बारा म्हणजे जवळजवळ संपलेली. आणि गाडी चालवून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा १३ पण दिसेल, तो वरवरचा चार्ज असतो, दोन-चार तासांत खरा आकडा येतो.

दुसरं रीडिंग सेल्फ मारताना. प्रोब तसेच टर्मिनलला धरून ठेवा आणि दुसऱ्याला सेल्फ दाबायला सांगा. चांगल्या बॅटरीचं व्होल्टेज त्या दोन सेकंदांत १० च्या आसपास किंवा वर राहतं. साडेनऊच्या खाली गेलं आणि पहिलं रीडिंग मात्र १२.६ होतं, तर बॅटरी आतून खलास आहे, व्होल्टेज दाखवते पण भार घेत नाही. ही खरी "बॅटरी गेलीय" ची केस. टक टक आवाज याचाच असतो, रिले, म्हणजे सेल्फ मोटरला करंट जोडणारा स्विच, लागतो, मोटर करंट ओढते, व्होल्टेज कोसळतं, रिले सुटतो, व्होल्टेज परत येतं, रिले परत लागतो. पण एकच मोठा टक आला आणि पुढे शांतता, आणि व्होल्टेज पण पडत नाहीये, तर बॅटरी सोडा, रिलेचे कॉन्टॅक्ट, मोटरचे कार्बन किंवा जाडी केबल बघा. काहीच आवाज नाही तर फ्यूज, क्लच स्विच, साइड स्टँड स्विच, आणि हो, तो लाल किल स्विच, सोसायटीच्या पार्किंगमधली पोरं येता जाता दाबून ठेवतात आणि आपण अर्धा तास बॅटरीला नावं ठेवतो.

तिसरं रीडिंग सगळ्यात कामाचं. गाडी मेन स्टँडवर, इंजिन चालू, पाच मिनिटं गरम होऊ द्या, मग हळूहळू रेस देत ४००० ते ५००० आरपीएमला न्या. बॅटरीवर १३.८ ते १४.५ यायला पाहिजे. आयडलला १३ च्या आसपास असेल तर चालतं, बऱ्याच गाड्यांचं तसंच असतं. रेस दिली तरी आकडा १२.५ च्या वर जातच नाही किंवा उलटा खाली येतोय, तर चार्जिंग होत नाहीये, बॅटरी कितीही नवी टाका, ती रोज थोडी थोडी उतरत जाणार. आणि १५ च्या वर गेलं तर ओव्हरचार्ज, ते जास्त वाईट, त्याबद्दल पुढे.

ही तीन रीडिंग कागदावर लिहून घेऊन गॅरेजला गेलात ना, तरी समोरच्याचा सूर बदलतो.

समजा तिसरं रीडिंग कमी आलं. इथे बहुतेक लोक थेट आरआर युनिट नाहीतर कॉइल प्लेट बदलायला निघतात. थांबा. आधी कपलर बघा. स्टेटरमधून साधारण तीन पिवळ्या वायरी बाहेर येतात, रंग गाडीप्रमाणे बदलतो पण तिन्ही एकाच रंगाच्या असतात, आणि त्या आरआर युनिटला एका प्लास्टिकच्या कपलरमधून जोडलेल्या असतात. चार्जिंगचा सगळा करंट या अंगठ्याएवढ्या कपलरमधून जातो. त्यातल्या एका पिनेवर जरा जरी गंज आला किंवा पिन सैल झाली तर काय होतं ते आकड्यांत बघा. समजा कॉन्टॅक्टचा रेझिस्टन्स फक्त ०.१ ओहम झाला आणि करंट १० अँपिअर आहे, तर तिथे १ व्होल्ट खाल्ला जातो आणि १० वॉट उष्णता तयार होते. एवढ्याशा बंद प्लास्टिकमध्ये १० वॉट. पिन तापते, तापली की स्प्रिंगचा ताण जातो, ताण गेला की कॉन्टॅक्ट अजून सैल, रेझिस्टन्स अजून वाढला, अजून तापली. हे एकदा सुरू झालं की आपोआप बरं होत नाही.

एका मित्राची साडेतीनशे सीसीची गाडी होती, दोन बॅटऱ्या बदलून झालेल्या, एक आरआर युनिट बदलून झालेलं, तरी चार्जिंग १२.९ च्या वर नाही. सीट आणि साइड पॅनल काढून कपलर हातात घेतला तर पांढरं प्लास्टिक एका कोपऱ्यात बिस्किटाच्या रंगाचं झालेलं, दोन्ही अर्धे ओढले तरी सुटेनात, एकमेकांना चिकटलेले. शेवटी स्क्रूड्रायव्हर घालून उचकटला. तिन्हीपैकी दोन पिना चकचकीत आणि तिसरी काळी-निळी, तिच्या मागची पिवळी वायर दोन इंचापर्यंत कडक झालेली, वाकवली की इन्सुलेशनला तडे जाणारी. नवीन आरआर युनिट बसवणाऱ्याने तोच जळका कपलर परत दाबून लावला होता. ती वायर चांगली लागेपर्यंत मागे कापली, नवीन पिना क्रिंप केल्या, नवीन कपलर टाकला, आणि १४.३. खर्च शंभर रुपयांच्या आत, नाना पेठेत मिळाला कपलर आणि पिना.

म्हणून माझ्यामते सगळ्यात दुर्लक्षित टेस्ट म्हणजे व्होल्टेज ड्रॉप टेस्ट, आणि ती करायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. इंजिन चालू, ४००० च्या आसपास रेस, हेडलाइट चालू. मीटर डीसी व्होल्टवर. लाल प्रोब आरआर युनिटच्या प्लस आउटपुटला, कपलरच्या मागून वायरच्या कडेने आत सरकवून, आणि काळा प्रोब बॅटरीच्या प्लसला. दोन्ही एकाच वायरची टोकं आहेत, म्हणजे आदर्श आकडा शून्य यायला हवा. ०.२-०.३ पर्यंत ठीक. ०.८, १ वगैरे आलं तर मधल्या रस्त्यात कुठेतरी कपलर, फ्यूज होल्डर किंवा सैल बोल्ट व्होल्टेज खातोय, आरआर युनिट बिचारं १४.२ बनवतंय आणि बॅटरीला १३.२ पोचतंय. हेच मायनसला पण करा, आरआर युनिटच्या मायनस वायरपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत. अर्थिंगचा बोल्ट चेसिसला जिथे लागतो तिथे रंग, गंज, चिखल असतो, तो सोडवून पॉलिश पेपर मारून परत घट्ट केला की निम्म्या वेळा तिथेच काम होतं.

कपलर ठीक, ड्रॉप ठीक, तरी चार्जिंग कमी, मग स्टेटर. इंजिन बंद, पिवळ्या वायरींचा कपलर सोडवा. मीटर ओहमला. आधी दोन प्रोब एकमेकांना टेकवून बघा किती दाखवतंय, स्वस्त मीटरच्या वायरींचाच ०.२-०.४ ओहम असतो, तो आकडा नंतर वजा करायचा. मग तीन वायरींपैकी दोन-दोन धरून तीन जोड्या मोजा, साधारण एक ओहमच्या आत आणि तिन्ही जोड्या सारख्या यायला हव्यात. त्यानंतर प्रत्येक पिवळी वायर आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा, इथे काहीच कनेक्शन दिसायला नको. दिसलं तर कॉइल बॉडीला शॉर्ट आहे, विषय संपला. मग इंजिन चालू करा, मीटर एसी व्होल्टवर मोठ्या रेंजला, परत तीन जोड्या. आयडलला १५-२० आणि ५००० ला ५०-७० व्होल्ट असं बऱ्याच गाड्यांना येतं, नेमका आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो, पण आकड्यापेक्षा तिन्ही सारखे आहेत का ते महत्त्वाचं. ५५, ५४ आणि १८ आलं तर एक फेज, म्हणजे कॉइलच्या तीन भागांपैकी एक, गेलाय. ही टेस्ट करताना उघड्या पिनेला बोट लावू नका, ६०-७० व्होल्ट एसी चांगलाच झटका देतो. आणि एक, काही कॉइल थंड असताना पास होतात आणि गरम झाल्यावर फेल, तारेवरचा इनॅमलचा लेप तडकलेला असतो तार तापून फुगल्यावर टेकते, म्हणून सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन आल्यावर परत एकदा मोजलेलं बरं.

जळलेली कॉइल रिवाइंड करून मिळते, नवीनच्या मानाने बरीच स्वस्त. वाईट नाही, पण विचारून घ्या की तार हाय टेंपरेचर इनॅमलची आहे का. बऱ्याच गाड्यांत कॉइल गरम इंजिन ऑइलच्या फवाऱ्यात असते, साधी मोटर रिवाइंडिंगची तार आणि साधं वॉर्निश तिथे फार टिकत नाही. कव्हर उघडलं की गॅस्केट नवीन टाकायचं, जुनंच सिलिकॉन फासून बसवलं की महिन्याभरात ऑइल गळती.

स्टेटर पण पास झाला तर राहिलं आरआर युनिट. मीटर डायोड टेस्टला लावून प्रत्येक पिवळ्या पिनेपासून प्लसपर्यंत एका दिशेने ०.४ ते ०.६ च्या आसपास यायला हवं आणि प्रोब उलटे केले की काहीच नाही. मायनसकडे पण तसंच, दिशा उलटी. कुठे दोन्हीकडून शून्य आलं तर डायोड शॉर्ट. मात्र ही टेस्ट पास झाली म्हणजे रेग्युलेटर चांगलाच आहे असं नाही, आतलं कंट्रोल सर्किट यात दिसत नाही, म्हणून शक्य असेल तर तशाच मॉडेलच्या मित्राच्या गाडीचं चांगलं आरआर युनिट पाच मिनिटं लावून बघणं हा सोपा उपाय.

ओव्हरचार्जची लक्षणं वेगळी असतात. बल्ब सारखे उडतात, बॅटरी हाताला गरम लागते, बाजू फुगतात, सडक्या अंड्याचा वास येतो. असं दिसलं तर गाडी चालवत राहू नका, त्या बॅटरीजवळ सिगारेट वगैरे तर अजिबात नको, हायड्रोजन पण निघत असतो. कारण बहुतेकदा आरआर युनिटच असतं, पण त्याला बॅटरीचं व्होल्टेज कळवणारी सेन्सिंगची बारीक वायर किंवा अर्थ सैल असेल तरी हेच होतं, त्याला वाटतं बॅटरी अजून भुकेली आहे आणि ते ढकलत राहतं. म्हणून बदलायच्या आधी ती वायर बघा.

आता एक प्रकार असा की सगळी रीडिंग बरोबर आहेत, चार्जिंग १४.२, बॅटरी नवी, तरी सोमवारी सकाळी गाडी सुरू होत नाही. यात दोन शक्यता. एक, गाडी बंद असताना कोणीतरी करंट पितंय. जीपीएस ट्रॅकर, अलार्म, डायरेक्ट बॅटरीला जोडलेला मोबाइल चार्जर, त्याचा तो छोटा निळा दिवा. कायम जागा राहणारा ट्रॅकर ३० मिलीअँपिअर घेत असेल तर दिवसाला साधारण ०.७ एएच (अँपिअर-अवर, बॅटरीतल्या चार्जचं माप), म्हणजे ५ एएचची बॅटरी साडेतीन-चार दिवसांत अर्धी, आणि आपण गावाला गणपतीला जाऊन आठवड्याने परत येतो. मोजायचं असेल तर किल्ली काढा, बॅटरीची मायनस वायर सोडवा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटला लावून वायर आणि टर्मिनल यांच्या मध्ये धरा, ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, झोपेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबा, आकडा अगदी छोटा दिसला की मग मिलीअँपिअरच्या रेंजला या. पाच-दहा मिलीअँपिअरच्या आत असेल तर ठीक. त्यापेक्षा जास्त असेल तर एक एक फ्यूज काढत जा, ज्याने आकडा पडला तिथे चोर. मीटर असा जोडलेला असताना चुकूनही सेल्फ दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल नाहीतर मीटरच.

दुसरी शक्यता म्हणजे पुणं. म्हणजे आपली चालवायची पद्धत. सेल्फ मोटर एका स्टार्टला समजा ८० अँपिअर तीन सेकंद ओढते, म्हणजे ०.०७ एएचच्या आसपास. परत भरायला बॅटरीकडे निव्वळ १ अँपिअर जात असेल तर चार मिनिटं लागतात, बॅटरीत जे वाया जातं ते धरून पाचएक. आता सिग्नलला आयडलवर गाडीचा स्टेटर निम्म्याहून कमी ताकदीने चालतोय, हेडलाइट तर २०१७ च्या एप्रिलपासून नवीन गाड्यांना कायम चालू, ब्रेक दाबलेला म्हणजे मागचा लाइट चालू, इंडिकेटर चालू, फोनला मॅप लावून चार्जिंग चालू, कूलिंग फॅन असेल तर तो पण. बॅटरीकडे जाणारा निव्वळ करंट शून्य किंवा उणे. आणि प्रत्येक सिग्नलला इंजिन बंद करून परत सेल्फ. विद्यापीठ चौकातून हिंजवडीपर्यंत गर्दीच्या वेळी असं रोज जायचं आणि तेवढंच यायचं, तर गाडीत काहीही बिघाड नसताना बॅटरी महिन्याभरात अर्धपोटी राहायला लागते. आणि लेड अॅसिड बॅटरी अर्धपोटी बरेच दिवस राहिली की प्लेटवर सल्फेटचे कडक खडे बसतात, ते मग नंतर कितीही चार्ज केलं तरी पूर्ण जात नाहीत. पेट्रोल वाचवायला सिग्नलला गाडी बंद करणं चुकीचं नाही, मोठ्या सिग्नलला करावीच, फक्त दर वीस सेकंदाला नको. आणि आठवड्यातून एकदा सलग तासभर मोकळ्या रस्त्यावर, पानशेत म्हणा मुळशी म्हणा, फिरवून आणली तर बॅटरीला खरंच बरं पडतं, घरी सांगायला कारण पण चांगलं आहे.

ते जमत नसेल तर चार्जर. नियम सोपा, बॅटरी जितक्या एएचची त्याच्या दहाव्या भागाएवढा करंट. ५ एएचला ०.५ अँपिअर, ९ एएचला ०.९. कारच्या बॅटरीच्या दुकानात चार्जिंगला लावायला दिलीत तर आधी विचारा करंट किती ठेवणार, मोठ्या चार्जरवर पाच-सहा अँपिअरने तासाभरात "फुल करून देतो" म्हणाले तर उचलून घरी आणा. लिथियम बॅटरी टाकली असेल तर तिच्यासाठीचाच चार्जर, लेड अॅसिडचा डिसल्फेशन मोड तिला चालत नाही.

जुन्या गाडीवाल्यांसाठी वेगळं सांगायला पाहिजे. बऱ्याच जुन्या शंभर सीसीच्या गाड्या आणि स्कूटरना हेडलाइट थेट कॉइलवरून एसीवर चालतो आणि बॅटरीसाठी वेगळं, बारीक चार्जिंग असतं. तिथे आयडलला हेडलाइट मंद होणं आणि रेस दिली की भडकणं हे नॉर्मल आहे, त्यावरून चार्जिंग खराब ठरवू नका, आणि वरची तीन पिवळ्या वायरींची टेस्ट तिथे लागू नाही. अशा गाडीला डीसीवर चालणारे जास्तीचे एलईडी लावले की ती छोटी बॅटरी लगेच आडवी होते. उलट २०२० नंतरच्या बीएस सहा गाड्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, पंप आणि ईसीयूला करंट लागतो, म्हणून बॅटरी पार झोपली की धक्का मारून पण चालू होईलच असं नाही. किल्ली लावल्यावर पंपाचा झूं आवाज येत नसेल तर धक्का मारून घाम काढू नका.

काळजी काय घ्यायची तर सगळ्यात आधी पाणी. वॉटर सर्व्हिसिंगला प्रेशरची गन सीटखाली, हेडलाइटच्या मागे आणि आरआर युनिटच्या कपलरवर मारू देऊ नका, सरळ सांगा. पावसाळ्याच्या आधी, म्हणजे मेच्या शेवटी, मोठे कपलर एकदा उघडून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा आणि डायइलेक्ट्रिक ग्रीस लावून बंद करा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पावडर आली असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने घासा, कोरडं करा, बोल्ट घट्ट करा, वरून व्हॅसलीन. ताम्हिणीतून पावसात आलात की आरआर युनिटच्या पट्ट्यांमध्ये चिखल भरलेला असतो, तो काढा, हवा लागली नाही की ते शिजतं. काही जण त्याच्यावर बॅग बांधतात किंवा सुंदर दिसावं म्हणून आत कुठेतरी सरकवतात, नका करू. ज्या बॅटरीला पाण्याची बुचं आहेत तिच्यात डिस्टिल्ड वॉटर, खुणेपर्यंतच, मेंटेनन्स फ्री असेल तर उघडूच नका.

फॉग लाइट लावणार असाल तर आधी हिशोब. ४० वॉटचे दोन म्हणजे ८० वॉट, साडेसहा अँपिअर. मधल्या साइजच्या गाडीचा स्टेटर साधारण दीडशे ते अडीचशे वॉटचा, तेही ५००० आरपीएमला, आणि त्यातला बराचसा गाडीलाच लागतो. लावायचेच तर बॅटरीवरून वेगळा फ्यूज आणि रिले, आणि रिलेचा ट्रिगर इग्निशनच्या वायरवरून, म्हणजे किल्ली काढली की बंद. पार्किंग लाइटच्या बारीक वायरला साल काढून पिळ मारून टेप गुंडाळणारा वायरमन दिसला तर दुसरीकडे जा.

बॅटरी काढताना आधी मायनस, लावताना आधी प्लस. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून "बघू चार्जिंगवर चालते का" हा जुना प्रयोग कोणालाही करू देऊ नका, व्होल्टेजचा उसळा येतो आणि ईसीयू किंवा मीटर कन्सोल उडू शकतो, त्याची किंमत दहा बॅटऱ्यांएवढी. कारवरून जंप स्टार्ट करताना कारचं इंजिन बंद ठेवा, प्लसला प्लस, आणि मायनसची दुसरी क्लिप बाईकच्या इंजिनच्या धातूला.

आणि समजा तिकडे कुठे वरंध घाटात चार्जिंग गेलंच, बॅटरीचा दिवा लागला किंवा हॉर्नचा आवाज बसायला लागला, तर दिवस असेल तर हेडलाइटचा कपलर किंवा फ्यूज काढून टाका, ५५ वॉटचा बल्ब म्हणजे साडेचार अँपिअर वाचले. फोन चार्जिंग काढा, इंडिकेटरऐवजी हात दाखवा, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, आणि मुख्य म्हणजे चहाला थांबलात तरी इंजिन बंद करू नका. ८ एएचची भरलेली बॅटरी अशी तास-दीड तास गाडी ओढते, तेवढ्यात भोर गाठता येतं. अंधार पडला असेल तर मात्र लाइटशिवाय घाट उतरायच्या भानगडीत पडू नका, गाडी तिथेच कुठेतरी हॉटेलवाल्याकडे लावा आणि सकाळी मीटर घेऊन परत या.